पोहे, शेव आणि बर्फ: डोंगरावर पोट काय मागतं

भाच्याची बॅग पलंगावर उघडी होती आणि सगळ्यात वर दोन किलो राजमा होता. फेब्रुवारीत तो आणि त्याचे तीन मित्र इंदूरहून मालवा एक्सप्रेसने जम्मूला आणि तिथून पुढे गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघाले होते. राहायला स्वयंपाकघर असलेली खोली घेतली होती. हातानेच रांधून खायचं ठरलं होतं. काश्मीर म्हणजे राजमा-चावल, एवढा सरळ हिशोब.

"कुकर नेतोयस?" मी विचारलं.

"तिथे पातेलं आहे ना, मावशी. रात्री भिजत घालू, संध्याकाळी आल्यावर उकळू."

मी राजम्याची पिशवी बाहेर काढली आणि त्याला समोर बसवलं. त्या दिवशी त्याला जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहिते आहे. आपल्याकडून दर हिवाळ्यात बरीच मंडळी औली, सोलंग, गुलमर्गला जातात, आणि कपड्यांची यादी करताना जेवढा विचार होतो त्याच्या पावपटही खाण्याचा होत नाही.

सुरुवात पाण्यापासून करू. पाणी शंभर अंशाला उकळतं हे आपण शाळेत शिकलो, पण ते समुद्रकिनाऱ्यावर. पाण्याच्या डोक्यावर हवेचा दाब असतो. तो जेवढा जास्त, तेवढं पाण्याला वाफ होऊन सुटणं अवघड. उंचावर हवा विरळ, दाब कमी, म्हणून पाणी लवकर सुटतं, म्हणजेच कमी तापमानाला उकळतं. ढोबळ हिशोब असा की दर तीनशे मीटर चढलं की उकळण्याचं तापमान एका अंशाने उतरतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. गुलमर्ग २,६५० मीटरवर, तिथे ९१. लेह ३,५०० मीटरवर, तिथे ८८. एव्हरेस्टच्या माथ्यावर तर ७० च्या जवळपास.

इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. लेहमध्ये पाणी 'लवकर उकळतं' हे ऐकलं की वाटतं, वा, गॅस वाचला. पण अन्न बुडबुड्यांनी शिजत नाही, उष्णतेने शिजतं. खालची आच कितीही मोठी करा, उघड्या पातेल्यातलं पाणी ८८ च्या वर जातच नाही, फक्त जास्त जोरात आटतं. तांदळातलं पिष्ट सत्तर-ऐंशी अंशांनाही फुलतं, त्यामुळे भात वेळ घेऊन का होईना, होतो. डाळी आणि कडधान्यांचं तसं नाही. त्यांच्या पेशींना जोडून ठेवणारा चिकट भाग सुटायला खरी कडक उष्णता लागते, आणि तापमान थोडं उतरलं तरी शिजायचा वेळ भराभर वाढत जातो. तासभर उकळूनही दाणा दाताखाली कचकचतो.

राजम्याचं तर आणखी एक आहे, आणि हे मी हात जोडून सांगते. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. भिजवून, पाणी टाकून, खळखळून उकळलं की ते नष्ट होतं. पण मंद उष्णतेवर, ८० अंशांच्या आसपास नुसता रटरटत ठेवलेला राजमा उलट जास्त त्रास देऊ शकतो. थोडेसेच अर्धकच्चे दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या आणि जुलाब. घरी ते निभावून जाईल, बर्फात चार पोरं एका खोलीत असताना नाही. कुकर असेल तर मात्र हरकत नाही. कुकरची शिट्टी बाहेरच्या दाबावर आणखी जवळजवळ एक वातावरणाएवढा दाब चढवते, त्यामुळे आतलं तापमान इंदुरात ११९ च्या आसपास आणि गुलमर्गलाही ११५ च्या घरात राहतं. पहाडातल्या घरांत कुकर एवढ्या जिव्हाळ्याने जपलेला दिसतो त्याचं कारण हेच.

मग कुकरशिवाय न्यायचं काय? माझं म्हणणं एका ओळीत बसतं: डोंगरावर तेच न्यावं जे आधीच शिजून झालेलं आहे आणि ज्यात पाणी नाही.

लडाख-तिबेटची माणसं हे शतकानुशतकं करत आली. त्यांचं रोजचं खाणं म्हणजे त्सम्पा: जव गरम वाळूत भाजून दळलेलं पीठ. चहात किंवा ताकात कालवलं, बोटांनी गोळा केला, झालं. चूल पेटवायचीच तर ती चहापुरती. बिहारचा सत्तू त्याच जातीचा, भडभुंज्याच्या कढईतल्या गरम वाळूत चणे फुटतात आणि तिथेच खाण्याजोगे होतात. आपल्या घरात सातूचं पीठ गूळ-दुधात कालवून खाल्लेल्या आज्या-पणज्या अजून आठवत असतील.

आणि पोहे! आपण इंदूरकर ज्याच्यावर वाढलो ते पोहे म्हणजे काय आहे हे कधी नीट पाहिलंय? साळी, म्हणजे टरफलासकटचा तांदूळ, गरम पाण्यात भिजवतात, भाजतात, आणि मऊ असतानाच चेपून सपाट करतात. म्हणजे तांदूळ तुमच्या घरी येण्याआधीच शिजलेला असतो. म्हणून तर आपण पोहे उकळत नाही, धुऊन निथळत ठेवतो. राजवाड्यापाशी पोहेवाला उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर परात ठेवून बसतो, ती वाफ पोहे शिजवायला नसते, मऊ आणि गरम ठेवायला असते. ज्या पदार्थाला शिजायला शंभर अंशांची गरजच नाही त्याला ९१ काय आणि ८८ काय.

पहाडात प्रत्येक वळणावर मॅगीची टपरी का, याचंही उत्तर हेच. शेवया आधी वाफवून मग तेलात तळून वाळवलेल्या असतात. ही युक्ती जपानमध्ये मोमोफुकू आंदो यांनी १९५८ साली बाजारात आणली. तळताना आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि बारीक भोकं राहतात. गरम पाणी त्या भोकांत शिरलं की दोन-चार मिनिटांत शेवया मऊ. उंचीवर एखादं मिनिट जास्त, एवढाच फरक. मॅगीला नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला मीठ, गरम पाणी, पिष्ट आणि थोडं तेल एका वाटीत मिळतं, ते चांगलंच आहे. फक्त तीन वेळा तेच खाऊ नये, कारण त्यात प्रथिनं फार थोडी. दोन अंडी फोडून घातली तर ती उणीव बरीचशी भरून निघते.

आता आपण जरा पोटाच्या आत जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

उंचीवर हवेत प्राणवायूचं प्रमाण इथल्याइतकंच असतं, पण हवाच विरळ असल्याने एका श्वासात कमी मिळतो. गुलमर्गला समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत पाऊणपटीपेक्षा थोडा कमी. शरीराला अन्न जाळायला प्राणवायू लागतोच, मग प्रश्न असा की एक लिटर प्राणवायू खर्च करून कुठल्या अन्नातून जास्त ऊर्जा निघेल? साखर, भात, पोहे, बटाटा अशा पिष्टमय पदार्थांतून साधारण पाच किलोकॅलरी. तुपा-तेलातून ४.७. साखरेच्या रेणूत स्वतःचा प्राणवायू बराच असतो, स्निग्धात तो नगण्य, म्हणून स्निग्ध जाळायला बाहेरून जास्त मागवावा लागतो. फरक सहा-सात टक्क्यांचाच आहे. घरी तो जाणवणारही नाही, पण जिथे प्रत्येक श्वास मोजून मिळतो तिथे तो फुकटचा वारा समजावा. चालताना, स्की करताना गोड आणि पिष्टमय खावं असं अनुभवी लोक सांगतात ते यामुळे.

२९ मे १९५३ रोजी हिलरी आणि तेनझिंग एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले तेव्हा त्यांच्याजवळ केंडल मिंट केक होता. नाव केक, पण ती खरं तर वडी आहे: साखर, ग्लुकोज, पाणी आणि पुदिन्याचा अर्क. जगातल्या सगळ्यात उंच जागी खाल्ली ती आपल्या साखरेच्या वडीची इंग्रज बहीण. तेनझिंग यांनी तिथे बर्फात लहानसा खड्डा करून चॉकलेट, बिस्किटं आणि गोळ्या ठेवल्या, देवाला नैवेद्य म्हणून. मला ही गोष्ट फार आवडते. जिवावर उदार होऊन वाहून नेलेल्या खाऊतून पहिला घास त्यांनी डोंगराला दिला.

मग तूप-तेलाचं काय, ते सोडायचं का? अजिबात नाही. एक ग्रॅम साखरेत चार किलोकॅलरी, एक ग्रॅम तुपात नऊ. पाठीवर वाहून न्यायचं असेल तर हा फरक खांद्याला कळतो. घरी बसून काम करणाऱ्या माणसाला दिवसाला दोन-सव्वादोन हजार किलोकॅलरी पुरतात. बर्फात दिवसभर अंग मोडून खेळलं तर साडेतीन-चार हजारांपर्यंत लागू शकतात. तेवढं सगळं पोह्यांतून मिळवायचं तर किलोभराहून जास्त पोहे खावे लागतील, आणि ते कुणाला जाणार नाहीत. शिवाय स्निग्ध पदार्थ सावकाश पचतो आणि सावकाश जळतो. म्हणून त्याची वेळ रात्रीची. झोपण्याआधी तूप घातलेली खिचडी किंवा एक डिंकाचा लाडू खाल्ला तर पहाटेपर्यंत शेगडी धुमसत राहते. डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी, गूळ, तूप असं सगळं एका मुठीत बांधणाऱ्या बाईला थंडीचं गणित पूर्ण ठाऊक होतं. बर्फाळ देशांतले लोकही तिथेच पोचले. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं पेमिकन म्हणजे वाळवलेलं मांस कुटून चरबीत बांधलेले गोळे, दक्षिण ध्रुवावर गेलेल्या अमुंडसेन आणि स्कॉट यांच्या तुकड्यांनी तेच नेलं. स्वित्झर्लंडात फोंड्यू, म्हणजे वितळवलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खाणं. लडाखात लोणी आणि मीठ घालून घुसळलेला गुरगुर चहा. तिथे चहाची पानं खूप वेळ उकळतात, आणि ८८ अंशांच्या पाण्यातून चहाचा कस काढायचा तर दुसरा मार्ग तरी कुठला?

हिमाचलमध्ये गेलात तर सिड्डू खा. कणीक आंबवून, आत अक्रोड-खसखस किंवा उडदाचं सारण भरून वाफवतात आणि वरून तुपाची धार धरतात. काश्मीरमध्ये कहवा: हिरवा चहा, केशर, दालचिनी, वेलदोडा, वर बदामाचे काप. मांसाहारी असाल तर श्रीनगरची हरीसा फक्त हिवाळ्यातच मिळते, मटण आणि थोडा तांदूळ रात्रभर घोटून केलेली, भल्या सकाळी खायची. माझ्या मते कुठल्याही ठिकाणची हिवाळी न्याहारी ही त्या जागेची सगळ्यात शहाणी गोष्ट असते, ती टाळून हॉटेलात ब्रेड-बटर खाऊ नये.

स्की शिकणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ट्रेकमध्ये आपण एका लयीत चालतो. स्कीमध्ये तसं नसतं, जोर लावायचा, थांबायचं, पडायचं, उठायचं. असा झटक्याचा जोर मांड्यांमध्ये साठवलेल्या साखरेवर चालतो. ही साठवण सबंध शरीरात मिळून चार-पाचशे ग्रॅमच असते. ती संपत आली की पाय थरथरतात, वळण घेताना गुडघा ऐकत नाही, आणि माणूस म्हणतो, 'बस एक फेरी आणखी'. ती फेरी घेऊ नये. त्याच्या आधी, दर तास-दीड तासाला, तोंडात काहीतरी टाकत राहावं. चार खजूर, चिक्कीचा तुकडा, मूठभर दाणे-गूळ. दुपारी मोठं ताट जेवून लगेच उतारावर जाण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

भूक लागली नाही तरी खायचं, हे पोरांना पटवणं अवघड जातं. पण उंचीवर भूक मरतेच. भुकेचे निरोप देणारी संप्रेरकं तिथे वेगळं वागतात, नाक कोरडं पडल्याने वास आणि चव बोथट होतात, आणि समोर आवडीचं ताट असलं तरी दोन घासांत पुरे वाटतं. त्यासाठी मी जीरावनची डबी देते. आमचूर, काळं मीठ, जिरं यांचा तो इंदुरी झटका मरगळलेल्या जिभेला जागं करतो, उकडलेल्या बटाट्यावर तर फारच छान. मात्र भूक गेली आणि सोबत डोकं ठणकतंय, मळमळतंय, उलटी होतेय असं असेल तर ते उंची बाधल्याचं लक्षण आहे, आणि त्यावर कुठलाही लाडू औषध नाही. तिथेच थांबायचं, वर जायचं नाही, आणि त्रास वाढला तर खाली उतरायचं. गोंडोलाने, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेने, काही मिनिटांत वरच्या अफरवट डोंगरावर ३,९५० मीटरच्या आसपास पोचता येतं, शरीर तेवढ्या वेगाने पोचत नाही.

पाण्याचंही तसंच. थंडीत तहान लागत नाही, पण कोरड्या हवेत प्रत्येक श्वासाबरोबर ओलावा बाहेर जातो (तोंडातून निघणारा धूर म्हणजे तुमचंच पाणी), आणि थंडीने लघवीही जास्त होते. दिवसाला तीन लिटर तरी पोटात जायला हवं, निम्मं गरम. लघवी गडद पिवळी दिसली की समजावं, कमी पडतंय. बर्फ तोंडात टाकून तहान भागत नाही. ताजा बर्फ बहुतेक हवाच असतो, मोठ्या ओंजळीतून घोटभर पाणी निघतं, आणि तो वितळवायची उष्णता जाते तुमच्या अंगातून. एक किलो बर्फाचं नुसतं पाणी करायला ८० किलोकॅलरी लागतात, जवळजवळ तेवढ्याच उष्णतेत तेच पाणी पुढे उकळीला येतं. म्हणून थर्मास भरूनच बाहेर पडावं. साधी बाटली असेल तर ती बॅगेत उलटी ठेवावी. पाणी वरून गोठत येतं, बाटली उलटी असली की बर्फ बुडाशी जमतो आणि झाकण मोकळं राहतं. पहिल्या वेळी सोलंगला हे मला माहीत नव्हतं. बाटलीत पाणी होतं आणि झाकणाखालचा बर्फ फुटेना, तासभर तशीच चालले.

रमने अंग गरम होतं, असं चारचौघांत कुणीतरी म्हणतंच. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, आतलं गरम रक्त बाहेर येतं, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात तीच उष्णता बर्फाला देऊन टाकलेली असते. उतारावर असताना नकोच.

आता पुन्हा बॅगेकडे. 'पाणी नसलेलं' का म्हणाले तेही सांगते. उणे पाच-सहामध्ये पाणी असलेलं सगळं दगड होतं: केळं, संत्रं, उकडलेलं अंडं, भाजी भरलेला पराठा. शेवेला काही होत नाही, कारण तळताना तिच्यातलं पाणी आधीच गेलेलं असतं. आपली लवंगेची शेव शंभर ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या आसपास किलोकॅलरी देते, दाणेही तेवढेच. पण नमकीनची बंद पाकिटं तशीच नेऊ नयेत. इंदूरच्या दाबाला भरलेली हवा अफरवटवर दीडपट फुगायला बघते, पाकीट ढोलकीसारखं ताणतं आणि कधी फुटतंही. घरीच फोडून, हवा काढून झिपच्या पिशव्यांत भरावं. चिक्कीही इथेच बारीक तोडून घ्यावी, थंडीत ती दाताने तोडायच्या फंदात पडू नये. चॉकलेट आणि खजूर जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

राजम्याच्या जागी मी भाच्याला दिलं ते असं: दोन किलो लवंगेची शेव, वीस डिंकाचे लाडू, दाण्याची चिक्की, खजूर, सत्तूचं पीठ आणि गूळ, मेतकुटाची बरणी, तुपाची बाटली, मूगडाळ-तांदळाची खिचडी करायला लहान कुकर, आणि कोरडे पोहे. हे शेवटचं कसं करायचं ते विचारणारे खूप असतात. जाड पोहे कोरडेच मंद आचेवर कुरकुरीत करून घ्यायचे. थोड्या जास्त तेलात दाणे तळायचे, मग मोहरी, बडीशेप, हिंग, सुकी मिरची, कढीपत्ता पार वाळेपर्यंत, शेवटी हळद. त्यात पोहे, मीठ, साखर, चिमूटभर लिंबूसत्व आणि बाजारात मिळणारा वाळवलेला कांदा. गार झाल्यावर एकेका माणसाची वाटीभर वेगळी पुडी बांधायची. तिथे एक वाटी पोह्यांवर एक वाटी गरम पाणी, घट्ट झाकण, वरून लोकरीची टोपी गुंडाळायची आणि आठ मिनिटं हात लावायचा नाही. मग शेव.